शिलाईत कापड कोण खातं

मास्तरांच्या दुकानात चूक होत नसे असं नाही. होत असे, पण ती तिथे मुक्कामाला राहत नसे. आली की मास्तर तिला ताबडतोब कुणाच्या तरी घरी पोचवून येत. बाही आखूड झाली तर कापड आटलं. कापड आटणारं नसलं तर ते विकणारा लबाड. विकणारा ओळखीतला निघाला तर गिऱ्हाइकाचाच डावा हात उजव्यापेक्षा लांब. ही शेवटची बातमी ते इतक्या हळुवारपणे देत, की गिऱ्हाईक बिचारं आखूड बाही विसरून घरी जाई आणि आरशासमोर दोन्ही हात लोंबते सोडून उभं राही. त्या गल्लीत एक खांदा जरा उचलून चालणारी बरीच माणसं होती. तुमचा एक खांदा उतरलाय, असं मास्तरांनी त्यांना कधी ना कधी सांगितलेलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसलेली एक लांबट खोली. पुढे कापड बेतायचं टेबल आणि त्याच्या कडेला खिळ्यांनी ठोकून बसवलेली लाकडी पट्टी, आकडे पुसट झालेली पण खरी. कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. तिथे धिप्पाड माणूस शिरला की तो पडदाच अंगात घालून पाहतोय असं बाहेरून वाटे. मागे शिलाईचं मशीन, आणि मशीनवर मेहुणा.

हा मास्तरांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तरुणपणी हात शिकायला म्हणून आला, पोटमाळ्यावर झोपू लागला, आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होता. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारलं तर मास्तर म्हणत, त्याला कधी काही वेळेवर सुचतच नाही. मास्तर दिवसभर "हे काय केलंत, मेहुणेबुवा?" असं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारत असल्यामुळे सगळी गल्ली त्याला मेहुणाच म्हणे. तसं म्हणणाऱ्यांपैकी कुणीही त्याची बहीण केलेली नव्हती, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. मास्तरांच्या एकूण सगळ्या आरोपांना मिळून त्याच्याकडे एकच उत्तर होतं.

"असेल."

एवढं म्हणून तो पायडल मारायला लागे, आणि उरलेला आरोप मशीनच्या खडखडाटात बुडून जाई.

मास्तरांच्या बायकोला भाऊ ताई म्हणे, म्हणून गल्लीही ताईच म्हणे. ती दाराशी स्टुलावर बसून काजं-बटणं करी. तिच्या तोंडात बहुतेक वेळ दोरा असे, त्यामुळे ती फारशी बोलत नाही असा लोकांचा गैरसमज होता.

आणि टेप. मास्तरांच्या गळ्यात कायम एक मेणकापडाची पिवळी टेप असे. ज्यांच्याकडे ते शिवण शिकले त्या उस्तादांनी निरोप देताना स्वतःच्या गळ्यातून काढून यांच्या गळ्यात घातलेली. तिच्याविषयी ते इतक्या आदरानं बोलत, की नवखं गिऱ्हाईक माप देताना सावधानमध्ये उभं राही. मास्तरांना एक सवय होती. एखादी चूक आपली नव्हे हे पटवून द्यायला लागले की टेपेची दोन्ही टोकं मुठीत धरून ते आलटून पालटून खाली ओढत, विहिरीवर पोहरा ओढावा तशी. मुद्दा जितका कच्चा, तितका पोहरा जड.

पुढे कधीतरी मास्तरांनी शिवलेले कपडे तंग व्हायला लागले. एकदम नव्हे. आधी गळ्याचं बटण लागताना माणूस हनुवटी वर करी, मग पोटावरचं लागताना श्वास रोखी. मास्तरांनी कापड, धुलाई, हवा असं सगळं करून पाहिलं आणि शेवटी निदान केलं, की गल्ली सुटत चालली आहे. "माप देताना पोट आत ओढता, आणि घरी गेल्यावर सोडता," ते म्हणत. "मी काय शिवायचं? तुम्ही इथे दाखवता ते पोट की खरं पोट?"

माप देताना पोट आत कोण ओढत नाही? लोकांनी ते मनाला लावून घेतलं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली, की उशिरा उठणाऱ्यांना ओशाळं वाटू लागलं. चहातली साखर गेली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा पाव संध्याकाळपर्यंत पडून राहू लागला, आणि तो मास्तरांच्या दुकानाकडे पाहून मान फिरवू लागला. ग्रंथालयाचे ग्रंथपाल तर उकडलेल्या भाज्यांवर आले. नवीन कपडे तरीही तंगच. तेव्हा मास्तर सुस्कारा टाकून म्हणत, हाडच जाड असेल तर काय करणार.

हे असंच चाललं असतं. पण एकदा बेकरीवाला, मान फिरवलेली असूनही, पँट शिवायला आला. दुसरा शिंपी लांब होता. पँट घेऊन गेला, आणि गल्ल्यावर बसताना ती मागून उसवली. थोडीथोडकी नव्हे. तो भिंतीला पाठ घासत घासत दुकानापर्यंत आला, तेव्हा त्याच्यामागे बघे बरेच जमलेले होते. तुम्ही सुटलात, असं त्याला सांगायची सोय नव्हती. पाव खपत नसल्यामुळे काळजीनं तो निम्मा झाला होता.

मास्तरांनी टेपेची टोकं धरली.

"हा आमचा मेहुणा," ते बघ्यांना उद्देशून म्हणाले, "शिलाईत कापड खातो. अर्धं बोट सांगितलं तर बोटभर आत घेतो. दोन वेळ आमच्याकडे जेवतो, तेवढ्यानं भागत नाही म्हणून कापड खातो."

दोन-चार जण हसले. मास्तर "असेल"ची वाट पाहत थांबले. ते आलंच नाही. मेहुण्यानं मशीनच्या सुईखालचं कापड सोडवलं, दोरा तोडला, पोटमाळ्यावर जाऊन आपली उशी आणली, बोटातलं टोपण खिशात टाकलं आणि बहिणीकडे न बघता दुकानाबाहेर पडला. बेकरीवाल्याच्या मागून जाताना त्यानं एकदा वाकून त्या उसवलेल्या जागेकडे नीट पाहिलं, एवढंच.

ताईनं तोंडातला दोरा काढला. सगळ्यांना वाटलं आता बोलणार. तिनं तो रिळाला गुंडाळून ठेवला.

त्यानंतर घरात दोन शब्द उरले. "चहा" आणि "जेवण". दोन्ही ताईचे. मास्तर कितीही लांब वाक्य बोलले तरी उत्तरादाखल यांतला वेळेला साजेल तो शब्द येई. पोटमाळ्याच्या शिडीवर ती ओली फडकी वाळत घालू लागली. मेहुण्याला हमरस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम मिळालं होतं. जिन्याखाली बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या.

मास्तर पहिल्यांदा खुशीत होते. आता बघा, म्हणाले. मशीनवर स्वतः बसले, अर्धं बोट म्हणजे अर्धंच बोट आत घेऊन शिवू लागले, आणि कपडे तंग होतच राहिले. पहिल्या शर्टाला ते म्हणाले, मशीनला त्याची वाईट सवय लागलीय. दुसऱ्याला म्हणाले, रीळ त्यानंच आणलेलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंड उघडलं आणि दुकानात पाहिलं. ऐकायला फक्त आरसा होता. दोष द्यायचा म्हणजे समोर कुणीतरी लागतं, ही अडचण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली.

अशात ग्रंथपाल निवृत्त व्हायला आले. निरोपसमारंभासाठी त्यांना कोट हवा होता. मास्तरांनी तो जीव लावून बेतला, स्वतः शिवला. शनिवारी दुपारी ग्रंथपाल ट्रायलला आले. उकडलेल्या भाज्यांनी त्यांचं असं काही केलं होतं, की पट्टा घड्याळासारखा मनगटाला बांधता आला असता. त्यांनी कोट चढवला. हात पुढे घेतले. दोन्ही काठ एकमेकांकडे पाहत राहिले. भेटायला कुणीच पुढे होईना.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की माप देताना बहुतेक पोट...

"पोट कुठाय?" ग्रंथपालांनी शांतपणे विचारलं. त्यांनी आयुष्यभर लोकांना वाचनालयात गप्प बसवलेलं होतं, त्यामुळे त्यांचा हळू आवाज जास्त लागे. "आणि मास्तर, मेहुणे तर इथे नाहीत. मग हे शिवलं कुणी?"

मास्तरांनी सवयीनं मागे मशीनकडे पाहिलं. मशीनवर फडकं टाकलेलं होतं.

समारंभ सोमवारी आहे, एवढं बोलून ग्रंथपाल शर्टावरच निघून गेले. ते जाताच, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, ताईच्या तोंडून पूर्ण वाक्य आलं. तिनं मान वर न करता सांगितलं की दुकानवाल्यांनी भावाला परगावच्या शाखेत घेतलंय, सोमवारी सकाळी तो चाललाय, आणि ती त्याला एक शर्ट शिवून देणार आहे. "माझ्या हातानं," ती म्हणाली. "सैल."

मास्तर कोट घेऊन टेबलाशी गेले. कोटाची छाती टेबलावरच्या लाकडी पट्टीला लावून पाहिली. कापताना धरलेलं माप जसंच्या तसं होतं. शिलाईनं सूतभरही खाल्लेलं नव्हतं. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून तोच कोट मोजला. टेपेवर तो कमी भरला. पुन्हा पट्टी, पुन्हा टेप. कोट एक, मापं दोन. शेवटी त्यांनी टेपच पट्टीवर अंथरली, शून्यावर शून्य ठेवलं आणि सरळ करत नेली. पट्टी संपली. टेपेचा पट्टीएवढाच आकडा मात्र अजून यायचा होता. तो टेबलाच्या कडेवरून खाली वाकून पाहत होता.

ते माणसं मोजत टेपेनं आणि कापड कापत पट्टीनं. टेपेचा प्रत्येक इंच लांबलेला. त्यामुळे माणसाच्या अंगावर ते कमी इंच मोजत आणि पट्टीवर तेवढेच कमी कापत. गल्ली सुटलेली नव्हती. मेहुण्यानं कापड खाल्लेलं नव्हतं. गळ्यात टेप आणि गावाला वळसा, असं झालं होतं.

कुणाही शहाण्या माणसाला इथे घाम फुटला असता. मास्तरांना हायसं वाटलं.

"सापडली," असं म्हणत ते ताईसमोर जाऊन उभे राहिले आणि टेप गळ्यात घालून तिची सगळी कुकर्मं सांगू लागले. इतकी वर्षं विश्वास ठेवला. उस्तादांची म्हणून कधी संशय घेतला नाही. हल्लीचं तर सोडाच, पूर्वीचं मेणकापडही खरं राहिलेलं नाही, आणि बनवणाऱ्यानं निदान...

"टेप आपली आपण लांबते होय?" ताईनं विचारलं.

"मग? मी काय लांबवायला बसलो होतो?"

 ताई त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. मास्तरांनीही खाली पाहिलं. दोन्ही टोकं मुठीत होती, डावा हात खाली होता, उजवा खाली यायच्या वाटेवर होता.

"माझ्या भावाला बोलताना," ती म्हणाली, "तुम्ही उजवा जास्त ओढता."

मास्तरांनी मुठी सोडल्या. टेप गळ्यात नुसती लोंबत राहिली. आपल्या तोंडून निघालेला एकेक आरोप त्या टेपेत जाऊन बसला होता, आणि मग तिथून अख्ख्या गल्लीच्या पोटावर गेला होता, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की ते दाराशी ताईच्या स्टुलावरच टेकले. ताई आधीच तिथे बसलेली असल्यामुळे तिला उठावं लागलं. ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "चहा." पण या वेळी तो जरा बरा वाटला.

चहा पिऊन मास्तर निघाले. रस्ताभर त्यांनी वाक्याची तयारी केली. वाक्य साधं होतं, पण इतकी वर्षं न वापरल्यामुळे तोंडात बसत नव्हतं. दर वेळी त्यात दुसऱ्या कुणाचा तरी पाय शिरे. मेणकापडवाला शिरला, त्याला बाहेर काढला, तर उस्ताद शिरले. हमरस्त्यावरच्या दुकानाच्या काचेच्या दारापर्यंत येईतो त्यांनी दोघांनाही काढून टाकलं होतं.

आत गारवा होता. पुतळ्यांच्या अंगावर कोट असे बेतानं बसले होते की मास्तरांचा जीव जळाला. मागे जाऊन पाहिलं तर पाठीवर चिमटे लावलेले. एरवी त्यांनी तिथेच चार माणसं गोळा केली असती. आज ते चिमटे त्यांनी पाहिले आणि पुढे गेले. माणूस बदलतो म्हणतात तो असा.

जिन्याखाली मेहुणा वाकून बसला होता. पायांपाशी पँटींचा ढीग होता आणि डोक्यावरून गिऱ्हाइकं जिना चढत होती.

"टेप लांबली," मास्तर म्हणाले.

"असेल," मेहुणा म्हणाला.

"आपोआप नाही लांबली. मी ओढली. म्हणजे... ओढत होतो." मास्तरांचे हात गळ्याकडे गेले आणि वाटेतूनच परत आले. "कपडे तंग होत होते ते त्यामुळे. माझी चूक. तू कापड खात नव्हतास."

मेहुण्यानं पायडल थांबवलं. त्याला काही सुधरेना. इतकी वर्षं या दोघांत चूक एकाच दिशेनं गेलेली होती. उलट्या दिशेनं आलेली कशी घ्यायची याचा त्याला सराव नव्हता. तो गडबडून म्हणाला, "माझंही चुकलंच असेल, भावोजी. मशीनवर मी होतो. तंग होतायत हे माझ्याही..."

"तुझं काही चुकलेलं नाही."

"नाही, पण मीच बोलायला..."

"अरे, माझी आहे म्हणतोय ना," मास्तर चिडले. "जन्मात एक माझी म्हणून निघाली, तर तीही तुलाच हवी?"

जिन्यावरचं एक गिऱ्हाईक थांबून खाली पाहू लागलं. मेहुणा हसला नाही. त्यानं सुईखालची पँट उगीचच सारखी केली.

"कापडाचं सोडा," तो म्हणाला. "जेवणाचं बोललात ते?"

याची तयारी मास्तरांनी केलेली नव्हती. हे वाक्य रस्त्यात त्यांनी मुद्दामच उचललं नव्हतं. त्यांनी ढिगातून घसरलेली एक पँट उचलून पुन्हा वर ठेवली.

"ते खोटं बोललो," शेवटी म्हणाले. "तुझ्या मशीनवर आम्ही दोघं जेवत होतो. मला ते माहीत होतं, म्हणूनच बोललो बहुतेक."

मेहुण्यानं पायडल मारलं, एक टीप पुरी केली, दोरा तोडला. सोमवारची गाडी आहे, म्हणाला. मास्तरांनी मान हलवली आणि वळले. ते पुतळ्यांपर्यंत पोचले असतील, तेव्हा मागून विचारणा झाली.

"ग्रंथपालांचा कोट तुम्हीच शिवलात म्हणे?"

"हो."

"आत माया ठेवलीत का काही?"

शिलाईच्या आत पुढची सोय म्हणून जे जास्तीचं कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. "भरपूर आहे," मास्तर म्हणाले.

"मग सैल होईल. कॉलर उसवलीत?"

"उद्या उसवणार होतो."

"हात लावू नका," मेहुणा म्हणाला. मास्तरांना इतक्या वर्षांत त्यानं दिलेला हा पहिलाच हुकूम.

दिवेलागणीला ताई शिडीवरची फडकी काढत होती, तेव्हा तो आला. उशी काखेत होती. ती ताईनं घेतली, दोन्ही हातांनी थोपटून पाहिली आणि वर नेऊन ठेवली.  मास्तरांनी मशीनवरचं फडकं मात्र स्वतः उचललं.

सोमवारची गाडी मेहुण्याशिवाय गेली, आणि कोट बसला. इतका बसला की ग्रंथपालांनी सगळी बटणं लावून, सोडून, पुन्हा लावून पाहिली. तेव्हा मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं. ग्रंथपालांनी ऐकून घेतलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून उकडलेल्या भाज्यांची एक लांबलचक रांग सरकत गेली असावी.

"म्हणजे मी उगाचच उपाशी राहिलो?"

तब्येत किती सुधारली ते तर बघा, हे मास्तरांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गिळताना फार त्रास झाला.

"हो," ते म्हणाले. "माझ्यामुळे."

ग्रंथपाल समारंभाला गेले आणि तिथे, ऐकणारे सांगतात, तीनदा जेवले.

गल्लीला खरं सांगणं मात्र सोपं गेलं नाही. बेकरीवाला तेवढा आनंदानं रडायचा राहिला. पण बाकी बरेच जण मानायला तयार होईनात. फिरायची सवय लागलेली, ओळखी झालेल्या, एकमेकांच्या पोटांविषयी काळजीनं विचारायची रीत पडलेली. तुम्ही जाड नव्हतातच, असं एका बाईंना सांगितलं तर त्या मास्तरांवर रागावल्या. आता आपला दोष लपवायला म्हणून मला बारीक ठरवता होय, म्हणाल्या.

जुनी टेप ताईनं चिंध्यांचं गाठोडं बांधायला घेतली. लांब होती, दोन वेढे आले. नवी टेप टेबलाशी खिळ्याला टांगली. माप घ्यायचं आणि परत खिळ्याला, गळ्यात घालायची नाही, असा नियम झाला. कुणी केला हे विचारायची गरज नव्हती.

पुढे काही दिवसांनी एक शर्ट परत आला. एक बाही दुसरीपेक्षा लांब होती. माणसाचे हात मात्र सारखे होते, मास्तरांनी चोरून पाहिले. गिऱ्हाईक वाट पाहत उभं होतं. मशीन थांबलं होतं. मास्तरांचे दोन्ही हात गळ्याशी गेले, तिथे काही सापडेना, तेव्हा ते कॉलर चाचपून खाली आले. दाराशी ताईनं तोंडातला दोरा काढून हातात धरला.

"कापताना माझ्याकडूनच झालं असेल," मास्तर म्हणाले, आणि मेहुण्याकडे पाहिलं. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाला कुणीतरी नाही म्हणायला हवं, अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

"असेल," मेहुणा म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.